रॉड पावलाच्या मधोमध : नवशिक्यांच्या बारबेल स्क्वॉटची दुरुस्ती

कातळ

स्क्वॉटबद्दलचे, म्हणजे पाठीवर रॉड घेऊन खाली बसून उठण्याच्या व्यायामाबद्दलचे प्रश्न या मंचावर इतक्या ठिकाणी विखुरलेत की नवा माणूस गोंधळून जातो. एकजण सांगतो टाच उचलते तर घोटा ताणा, दुसरा सांगतो कंबर गोल होते तर पोटाचे व्यायाम करा, तिसरा गुडघे आत येतात म्हणून रबरी पट्टा बांधायला लावतो. प्रत्येक उपाय कुठे ना कुठे खरा आहे, पण या तक्रारी सुट्या नाहीत. रॉड पावलाच्या मध्यावरून हलतो आणि मग शरीर तोल सावरायला कुठेतरी तडजोड करतं. ती कधी टाचेत दिसते, कधी कंबरेत, कधी गुडघ्यात. म्हणून आधी रॉड कुठून कुठे जातोय ते बघायचं, बाकीचं नंतर.

पावलाचा मध्य म्हणजे चवडा नव्हे आणि टाचही नव्हे. पाऊल २६ सेंमी लांब असेल तर टाचेच्या मागच्या कडेपासून १३ सेंमीवर, म्हणजे साधारण बुटाच्या नाड्यांच्या मधल्या भागाखाली. घोट्याचा सांधा याच्या बराच मागे असतो, त्यामुळे खाली बसताना नडगी पुढे झुकते आणि झुकलीच पाहिजे. बाजूने पाहिलं तर रॉड या जागेच्या वरूनच सरळ खाली जावा आणि सरळ वर यावा.

एक बारकावा लक्षात ठेवा. मोकळ्या २० किलोच्या रॉडला ही रेषा तंतोतंत जुळणार नाही. तोल सांभाळायचा असतो तो रॉड आणि शरीर या दोघांचा मिळून. ७० किलोच्या माणसाचे कुल्ले मागे गेले की हलका रॉड मध्यापेक्षा थोडा पुढे राहतो, आणि तेच बरोबर असतं. वजन वाढत जातं तसा रॉड मध्यावर येतो. तेव्हा मोकळ्या रॉडच्या व्हिडिओवर रेघा मारून घाबरू नका.

रॅकपासून, म्हणजे रॉड टांगून ठेवायच्या उभ्या सांगाड्यापासून सुरुवात करतो, कारण पहिली चूक तिथेच होते. हूक छातीच्या मध्याच्या उंचीवर हवेत. रॉडखाली शिरल्यावर गुडघे थोडे वाकलेले असले पाहिजेत, म्हणजे सरळ उभं राहिलं की रॉड हूकमधून दोन-तीन बोटं वर सुटतो. हूक उंच असले तर चवड्यांवर उभं राहून रॉड काढावा लागतो. दमलेल्या पायांनी शेवटच्या रेपनंतर (रेप म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणं) पुन्हा चवड्यांवर चढून तो ठेवायचा, ही अपघाताची जागा. हूक थोडे खाली असलेले कधीही चांगले.

सेफ्टीच्या आडव्या दांड्या आपल्या सर्वांत खालच्या बैठकीत रॉड जिथे येतो त्याच्या तीन ते पाच सेंमी खाली लावा. मोकळा रॉड घेऊन खाली बसा आणि कोणाला तरी अंतर बघायला सांगा. हे एकदाच करायचं काम आहे, भोकाचा नंबर लिहून ठेवा.

रॉड काढल्यावर तीन पावलं. एक पाय मागे, दुसरा त्याच्या शेजारी, तिसऱ्यात रुंदी जुळवून घ्या. चार-पाच पावलं मागे जाणं म्हणजे परत येताना तेवढंच अंतर थकलेल्या पायांनी चालणं.

गवतीचहा

धागा काढल्याबद्दल धन्यवाद. ४० किलोपर्यंत सगळं ठीक वाटतं, ५० ला खाली गेल्यावर टाच उचलते. जिममधले ट्रेनर म्हणतात गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका. पण गुडघा मागे ठेवला की पाठ इतकी झुकते की रॉड मानेवर घसरतोय असं वाटतं. घोटा आखडलेला आहे की दुसरं काही, हे कसं ओळखायचं?

उंबर

दोन तपासण्या करा, दोन मिनिटं लागतील.

पहिली : अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर घोट्याची हालचाल कामापुरती आहे. सहा-सात सेंमीवरच टाच सुटत असेल तर घोटा खरंच आडवा येतोय. दोन्ही पाय तपासा, जुनी मुरगळ असलेल्या पायात फरक हमखास निघतो.

दुसरी : उकिडवे बसा, टाचा जमिनीला टेकलेल्या. आपल्याकडे जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय असलेल्या बऱ्याच जणांना हे सहज जमतं. तुम्हाला अर्धा मिनिट निवांत बसता येत असेल तर ५० किलोला टाच उचलण्याचा दोष घोट्याला देऊ नका. तोच घोटा ४० किलोला पुरत होता. वजन वाढल्यावर रॉड पुढे गेला, तोल चवड्यावर आला आणि टाच हलकी झाली, एवढंच झालंय.

मात्र उकिडवे बसता येतं म्हणून तेवढ्याच खोल रॉड घेऊन बसायचं, असं नाही. उकिडव्यात कंबर पूर्ण गोल होते. पाठीवर ओझं नसताना त्यात काहीच वावगं नाही. रॉडखाली तो गोलवा चालत नाही.

कातळ

@गवतीचहा, गुडघा बोटांच्या पुढे न जाऊ देण्याचा नियम सोडून द्या. २००३ साली अमेरिकेत फ्राय आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट मोजली. सात जणांना शरीराच्या वजनाइतकं ओझं देऊन एकदा मोकळा स्क्वॉट करायला लावला, एकदा गुडघ्यासमोर फळी उभी करून. फळीने गुडघ्यावरचा पीळ, म्हणजे सांध्याला फिरवणारा जोर (टॉर्क), सुमारे २२ टक्क्यांनी उतरला, पण खुब्यावरचा दहापटीहून जास्त वाढला आणि पाठ अधिक झुकली. तुम्हाला रॉड मानेवर घसरल्यासारखा वाटतो तो याचमुळे. गुडघा अडवला की नडगी झुकत नाही, नडगी झुकली नाही की तोलासाठी धड झुकतं.

गुडघा किती पुढे जायचा हे मांडीच्या हाडाची लांबी ठरवते. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा बोटांच्या चार-पाच सेंमी पुढे जाईल आणि धडही आखूड मांडीच्या माणसापेक्षा जास्त झुकेल. टाच टेकलेली आहे आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने चाललाय, या दोन गोष्टी पाहा.

पुढच्या वेळी हे करून बघा. ४० किलोच घ्या. खाली जाताना गुडघा आणि खुबा दोन्ही एकाच वेळी मोडा. गुडघा पहिल्या अर्ध्या अंतरातच पुढे जाऊन थांबतो, उरलेलं अंतर खुबा खाली उतरतो. शेवटच्या टप्प्यात गुडघा पुन्हा पुढे सरकला की टाच उचलते. अगदी तळाशी असताना गुडघे किंचित पुढे घसरतात, ती जागा व्हिडिओत शोधा.

जोर_बैठक

एक गोष्ट तालमीतून येणाऱ्यांसाठी. आपली बैठक चवड्यांवर असते. खाली जाताना टाचा सुटतात, हात झुलतात आणि एका लयीत शेकड्यांनी बैठका निघतात. ती तशीच असायला हवी, कुस्तीगिराला चवड्यावरचा तोल आणि दम दोन्ही लागतात. पण तीच सवय रॉडखाली गेली की टाच आपोआप उठते. अशा माणसाच्या घोट्यात काहीही खोट नसते, फक्त अंगवळणी पडलेली हालचाल वेगळी असते.

ती मोडायला साधा उपाय : पातळ पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या. एक टाचेखाली, एक अंगठ्याच्या मुळाखाली. मोकळा रॉड घेऊन सावकाश खाली जा आणि तळाशी दोन सेकंद थांबा. शेजारच्याने दोन्ही पट्ट्या हळूच ओढून बघायच्या. टाचेची सुटली तर तोल पुढे गेलाय, अंगठ्याची सुटली तर मागे किंवा पाऊल बाहेरच्या कडेवर कललंय. दोन्ही घट्ट बसल्या की तीच जागा. डोळ्यांना न दिसणारा अर्धा सेंमी या पट्टीने कळतो.

वेगही सोडा. बैठकीत खाली आदळून उसळी घेतात. रॉडला सुरुवातीचे दोन महिने तीन मोजत खाली जा.

केवडा

वर येताना गुडघे आत येतात. उतरताना नाही, फक्त तळापासून वर सुटताना. मांडीभोवती रबरी पट्टा बांधून सराव केला तर पट्टा असेपर्यंत बरोबर, काढला की परत तेच.

उंबर

उतरताना गुडघा जागेवर असतो, याचा अर्थ सांध्याला जागा आहे आणि दिशा जमते. वर सुटताना जोर कमी पडतोय किंवा पावलाचा पाया सैल होतोय. आधी पाऊल बघा. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, या तीन ठिकाणी वजन सारखं हवं. गुडघा आत वळतो तेव्हा बहुतेक वेळा पावलाची कमान आधी कोसळते आणि गुडघा तिच्या मागे जातो. मऊ तळव्याच्या धावण्याच्या बुटांत हे जास्त होतं, कारण खालचा फोम एका बाजूला दबतो. सपाट, कडक तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट त्यापेक्षा बरे.

मग बोटांचा कोन. टाचा खांद्यांइतक्या रुंद आणि बोटं १५ ते ३० अंश बाहेर, यातून सुरुवात करा. टाचा रुंद ठेवून बोटं सरळ पुढे केली की मांडीचं हाड एका दिशेला, पाऊल दुसऱ्या दिशेला. अशा वेळी गुडघ्याला आत येण्यावाचून मार्ग नसतो. तुमची नेमकी रुंदी शोधायला जमिनीवर पाठीवर झोपा, गुडघे छातीकडे ओढा आणि हळूहळू फाकवत न्या. जिथे माकडहाड न उचलता गुडघे छातीच्या सर्वांत जवळ येतात, तोच तुमचा मांडीचा कोन. उभं राहिल्यावर बोटं त्याच दिशेला वळवा.

पट्टा वाईट नाही, पण त्याने ढकलायची दिशा कळते, ताकद येत नाही. वजन १५ ते २० टक्के उतरवा आणि तळाशी दोन सेकंद थांबून तीन-तीन रेप्सचे पाच सेट करा. वर सुटताना "जमीन दोन्ही पायांनी फाडायची आहे" असा जोर बाहेरच्या दिशेने द्या. दोन-तीन आठवडे यावर टिका, वजन चढवायची घाई नको.

निवडुंग

रॉडच्या जागेबद्दल कोणी बोललं नाही अजून. नवशिक्यांनी लो-बारच, म्हणजे रॉड पाठीवर थोडा खाली ठेवूनच स्क्वॉट करावा असं माझं मत आहे. खुबा जास्त काम करतो, जास्त वजन उचललं जातं.

कातळ

@निवडुंग, पूर्ण सहमत नाही. दोन्ही जागा सांगतो, मग कारण.

हाय-बार म्हणजे मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो मणका सर्वांत वर हाताला लागतो, त्याच्या खाली, खांद्यांच्या वरच्या स्नायूंची गादी असते तिथे. मणक्यावर कधीच नाही. दुखतं म्हणून फोमचा पॅड लावतात, तो काढा. पॅडने रॉड जाड होतो, गोल फिरतो आणि वर सरकतो. रॉड टोचत असेल तर तो हाडावर आहे. खवाटे एकमेकांकडे ओढून धरले की तिथे मांस उभं राहतं आणि रॉड त्यात बसतो.

लो-बार याच्या पाच ते सात सेंमी खाली. खवाट्यावर हात फिरवला की हाडाची एक आडवी धार लागते, तिच्या लगेच खाली. रॉड खाली आला म्हणजे तो पावलाच्या मध्यावर ठेवण्यासाठी धड जास्त झुकायला हवं. इथेच नवशिक्यांची फसगत होते. रॉड लो-बारवर आणि धड हाय-बारसारखं उभं ठेवायचा प्रयत्न, त्यामुळे तोल टाचेवर जातो आणि माणूस मागे पडतो. शिवाय खांदे आखडलेल्यांना लो-बारमध्ये मनगट आणि कोपर दुखतं.

म्हणून पहिले तीन-चार महिने हाय-बार. पॉवरलिफ्टिंगकडे जायचं असेल तर नंतर लो-बार शिका.

निवडुंग

खांद्यांचा मुद्दा पटला. पण पकड रुंद करून मनगट वाचवता येतं, हे नवशिक्यांना सांगितलं पाहिजे. हात रॉडवर ठेवल्यावर मनगट मागे मोडलेलं दिसत असेल तर रॉडचं वजन हातांवर आलेलं असतं. वजन पाठीने पेलायचं, हात फक्त रॉड हलू देत नाहीत. मनगट आणि कोपर एका रेषेत, कोपर खाली आणि किंचित मागे. कोपर वर मागे उचलले की छाती पुढे पडते. बोटांना मुंग्या येत असतील तर पकड दोन बोटं बाहेर न्या.

गवतीचहा

पट्टीची युक्ती केली. ४० किलोला टाचेची पट्टी तळाशी सुटतेच आहे, म्हणजे चूक आधीपासून होती, ५० ला फक्त डोळ्यांना दिसायला लागली. आता सगळे म्हणतात "छाती वर ठेव". ते केलं की कंबरेत वाक येतो. श्वासाचं काय?

कातळ

"छाती वर" ही सूचना अर्धवट आहे. ती ऐकून माणूस बरगड्या पुढे काढतो आणि कंबर मागे वाकवतो. अशी ताणलेली कंबर खाली जाताना उलट्या दिशेने जास्त गोल होते. त्याऐवजी बरगड्या आणि ओटीपोट एकावर एक, जणू दोन डबे नीट रचलेत. नजर समोर जमिनीवर दीड-दोन मीटरवर. बाजूच्या आरशात स्वतःला बघू नका, मान वळली की रॉड तिरका होतो.

श्वास असा : वर उभे असताना नाकातोंडाने भरपूर हवा घ्या, पण छाती फुगवून नव्हे. दोन्ही हातांची बोटं कंबरेच्या बाजूला, बरगड्या आणि खुब्याच्या हाडाच्या मधे दाबून बघा. हवा घेतल्यावर बोटं बाहेर ढकलली गेली पाहिजेत, पुढे, बाजूला, मागेसुद्धा. कोणी पोटात गुद्दा मारणार असेल तेव्हा पोट जसं घट्ट होतं तसं करा आणि श्वास रोखून खाली जा. वर येताना सर्वांत जड जागा, म्हणजे मांडी जमिनीला समांतर होण्याच्या थोडं वर, ओलांडली की मग सोडा. अर्ध्यात सोडला की धड ढिलं पडतं आणि रॉड पुढे जातो. पाच रेप्सचा सेट असेल तर पाच वेळा श्वास घ्यायचा.

रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी श्वास रोखण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्या काही सेकंदांत रक्तदाब बराच चढतो. त्यांनी हलकं वजन आणि वर येताना सावकाश श्वास सोडणं, हेच योग्य.

उंबर

कंबर तळाशी गोल होण्याबद्दल वेगळं लिहिते, कारण यावर भीती आणि बेफिकिरी दोन्ही फार आहे.

फोन बाजूला ठेवा आणि टी-शर्ट आत खोचा, नाहीतर कापडाच्या चुण्याच कंबर वाटतात. मोकळ्या रॉडने खाली जा. एका उंचीला माकडहाड आत खेचलं जातं आणि कंबरेचा खळगा भरून येतो. ती उंची ओळखा. तिथे खुब्याच्या खोबणीची पुढची कड मांडीच्या हाडाला अडते, म्हणून ओटीपोट फिरतं. खोबणीचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, ताणून तो बदलत नाही. पावलं दोन-तीन सेंमी रुंद करून आणि बोटं थोडी बाहेर काढून पाहा, बऱ्याचदा चार-पाच सेंमी खोली वाढते.

थोडासा फरक मोकळ्या रॉडला दिसला तर त्यात काळजीचं काही नाही. वजन वाढेल तसा वाक वाढत असेल तर खोली कमी करा. मागे बाकडं किंवा प्लेट्सची थप्पी ठेवा, वाक सुरू होण्याच्या दोन बोटं वर त्याची उंची. त्यावर बसायचं नाही, फक्त स्पर्श करून वर. बसून सैल पडलं आणि पुन्हा झटका दिला तर कंबरेला त्रास व्हायचाच.

केवडा

किती खोल पुरे? जिममध्ये काहीजण चौथाई स्क्वॉट करून ८०-९० लावतात.

कातळ

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचा नियम असा : खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेला पाहिजे. कंबर सावरून तिथपर्यंत पोचता येत असेल तर तिथपर्यंत जा. नसेल तर कंबर जिथपर्यंत सरळ राहते तिथपर्यंत, आणि खोली हळूहळू वाढवा. चौथाईत वजन मोठं लागतं कारण सर्वांत जड जागा येतच नाही. गुडघ्यांचा त्रास वाचतो असंही नाही, वजन दुप्पट झालेलं असतं.

सह्यकडा

वर येताना कुल्ले आधी उठतात आणि छाती नंतर, याला काय करायचं? ६० किलोच्या शेवटच्या दोन रेप्सना दिसतं.

निवडुंग

शेवटच्या दोन रेप्सनाच दिसतं म्हणजे मांडीचा पुढचा भाग दमला आणि शरीराने काम खुब्याकडे ढकललं. तळापासून सुटताना गुडघे झटक्यात मागे सरकतात, मांडी सरळ होते, रॉड तिथेच राहतो. उरतो तो पाठीने रॉड उचलायचा व्यायाम.

तळापासूनचे पहिले दहा सेंमी गुडघे पुढेच राहू द्या. "कुल्ले वर" असं मनात न आणता "पाठीने रॉड छताकडे ढकल" असं आणा. दोन आठवडे ६० च्या ऐवजी ४२.५ किलो, तीन सेकंद खाली, दोन सेकंद थांबून वर, पाच रेप्सचे तीन सेट. थांबल्यामुळे उसळी मिळत नाही आणि गुडघा मागे पळाला की लगेच लक्षात येतं. जोडीला समोर छातीशी डंबेल धरून स्क्वॉट करा, १२ ते १६ किलो, आठ रेप्स. डंबेल समोर असल्यामुळे छाती पडली की तोल जातो, शरीर स्वतःच दुरुस्त होतं.

सह्यकडा

४२.५ कसं लावणार? आमच्याकडे सर्वांत छोटी प्लेट अडीच किलोची आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून पाच-पाच किलोच्या उड्या.

कातळ

हा प्रश्न बहुतेक जिममधला आहे. मग ४० घ्या. आणि वजन वाढवताना ५ किलोची उडी घ्यायच्या ऐवजी रेप्स वाढवा. ४० ला पाच-पाच रेप्सचे तीन सेट नीट झाले की पुढच्या दिवशी सहा, मग सात, मग आठ. तिन्ही सेट आठने पूर्ण झाले की ४५ ला पुन्हा पाचपासून. सव्वा किलोच्या दोन प्लेट विकत घेऊन बॅगेत ठेवल्या तर अडीच-अडीच किलोने वाढवता येईल, आठवड्यातून दोन ते तीन दिवस. एखादं वजन सलग दोन वेळा अडलं तर दहा टक्के उतरवा आणि परत चढा.

त्याआधी तुमच्या रॉडचं वजन तपासा. ऑलिंपिक रॉड २.२ मीटर लांब आणि २० किलोचा, टोकं ५० मिमी जाड. महिलांचा १५ किलोचा आणि थोडा बारीक. पण पाच-सहा फुटी बारीक टोकांचे रॉड आठ-दहा किलोंचेही असतात. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग रॉड धरून. फरक तेवढं वजन. वहीत ५० लिहिलंय आणि प्रत्यक्ष ३९ आहे, असं होऊन प्रगतीचा सगळा हिशोब चुकतो.

कामाचं वजन ६० असेल तर त्याआधी मोकळा रॉड पाच रेप्सचे दोन सेट, ३५ ला पाच, ४५ ला तीन, ५५ ला दोन. या सेटना दमायचं नसतं, प्रत्येक रेपला पट्टीसारखी टाच तपासायची असते. प्लेट उतरवताना एका बाजूच्या सगळ्या काढू नका, आलटून पालटून काढा. एकीकडे जड आणि दुसरीकडे रिकामा रॉड हूकवरून उलटतो.

जोर_बैठक

व्हिडिओबद्दल दोन शब्द. फोन जमिनीवर ठेवून वरच्या दिशेने कललेला असेल तर प्रत्येक स्क्वॉट खोल आणि प्रत्येक पाठ सरळ दिसते. फोन खुब्याच्या उंचीवर, स्टुलावर उभा करून, नेमका बाजूला, अडीच-तीन मीटर लांब. गुडघ्यांसाठी दुसरा व्हिडिओ समोरून. एका वेळी एकच चूक हातात घ्या. दोन सूचना एकदम डोक्यात ठेवून कोणालाच नीट बसता येत नाही.

केवडा

पट्टा कधी बांधायचा, कमरेचा?

निवडुंग

बिनपट्ट्याचा श्वास आणि पोट घट्ट करणं जमल्यावर. पट्टा पोटाला ढकलायला भिंत देतो, ढकलायचं काम तुमचंच. घेतलाच तर सगळीकडे सारखी रुंदी असलेला, १० सेंमी. मागे रुंद आणि पुढे चिंचोळा पट्टा पोटाला आधार देत नाही.

उंबर

कुठे थांबायचं तेही लिहून ठेवते. मांडीत आणि कुल्ल्यात दुसऱ्या दिवशी दुखणं हे स्नायूंचं, त्याने थांबू नका. गुडघ्याच्या वाटीखाली टोचणारी कळ, सांधा अडकणं किंवा सुजणं, कंबरेतून पायात उतरणारी मुंगी, यापैकी काहीही असेल तर त्या दिवशी रॉड बाजूला ठेवा आणि दोन-चार दिवसांत कमी झालं नाही तर दाखवून घ्या.

गवतीचहा

दोन आठवडे ४० वर थांबून पट्टी घट्ट बसते आहे. ४५ ला आज तिन्ही सेट, टाच हलली नाही. शेवटचं एक, रविवारी आमच्या गावच्या जिममध्ये जातो तिथे रॅकच नाही. दोघंजण दोन टोकं धरून रॉड पाठीवर ठेवतात. काही हरकत?

कातळ

हरकत आहे. दोघे कधीच एका वेळी, एका उंचीला सोडत नाहीत, रॉड तिरका येतो आणि एका खांद्यावर आधी पडतो. अडकलात तर खाली सेफ्टी नाही. दोघे उचलू शकणार नाहीत इतकं वजन नसलं तरी तळाशी थांबलेल्या माणसाकडून रॉड काढून घेणं फार अवघड असतं. एका गोल रॉडला दोघांची पकड एकसारखी लागत नाही.

रविवारी तिथे छातीशी डंबेल धरून करा. १६ किलो, तीन सेकंद खाली, तळाशी दोन सेकंद, दहा रेप्सचे चार सेट. किंवा जमिनीवरून स्वतः खांद्यावर घेता येईल इतकाच रॉड समोरून खांद्यावर ठेवून, कोपर उंच, सहा रेप्स. अडलात तर रॉड पुढे सोडायचा आणि मागे सरकायचं, आजूबाजूला कोणी नाही हे आधी पाहून. स्मिथ मशीन असेल तर ते वापरू नका, त्यात रॉड रुळावरून जातो आणि तुम्ही आत्ता कमावलेली टाचेची सवय रुळाच्या भरवशावर सैल होईल. पुठ्ठ्याच्या पट्ट्या मात्र बॅगेत टाका, तिथेही चालतात.